दोनशे चौदा बिल्ले

विश्ना बान्या
१४ सप्टेंबर २००३

प्रिय व्लास्ता,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे पाहून तू पत्र बाजूला ठेवशील. तरी पहिल्या चार ओळी वाच. काम घराचं आहे.

एप्रिलमध्ये तुझ्या आईला दफन करून आलो, तेव्हा तू अंगणात उभी होतीस आणि मी स्वयंपाकघरात. तू आत आली नाहीस, मी बाहेर आलो नाही. व्हिएन्नाची बस आली आणि तू गेलीस. चर्चच्या वहीत तू पत्ता लिहिला होतास, तो मी उतरवून घेतला. राग मानू नकोस.

मार्गिता गेली, तेव्हा घर निम्मं तुझं झालं. कागद तयार आहेत, तुझी सही लागते. आलीस तर बरं होईल. खाणीच्या कचेरीतही एक सही करायची आहे, ते तू आल्यावर सांगेन. किरकोळ आहे.

इथलं सगळं तसंच आहे. भिंतीला तडा गेला होता तिथे कचेरीने बसवलेली काचेची पट्टी आठवते? जमीन सरकली की काच तडकते म्हणून. लहानपणी तू तिच्यावर वाफ सोडून चित्रं काढायचीस. काच शाबूत आहे. छाती मात्र शाबूत नाही. ऑक्सिजनचं यंत्र घरात आणून ठेवलंय, त्याच्या नळीएवढंच माझं जग; गावात जायचं तर चाकांची छोटी टाकी ओढत न्यावी लागते. बसचा प्रवास डॉक्टरांनी बंद केला, नाहीतर मीच आलो असतो.

तुझ्या आईशी लग्न करून एकतीस वर्षं झाली आणि तू मला शेवटपर्यंत काकाच म्हणालीस. मी कधी तक्रार केली नाही. तो हक्क मला नव्हता.

लवकर ये. बर्फ पडायच्या आत.

तुझा
गेजाकाका

•

६ ऑक्टोबर २००३

प्रिय व्लास्ता,

तुझं कार्ड मिळालं. मी चष्मा शोधत होतो, तेवढ्यात पोस्टातल्या झेलमीराने ते मला मोठ्याने वाचूनही दाखवलं. रांगेत सहा माणसं होती. "घर तुम्हाला लखलाभ. मला त्यातली वीटही नको. यापुढे पत्र आलं तर न उघडता परत पाठवीन." वाचून झाल्यावर झेलमीरा म्हणाली, "अक्षर मात्र आईसारखंच आहे हो पोरीचं."

चूक माझी. मी घराचं निमित्त करायला नको होतं. मी आयुष्यभर हेच करत आलोय, खरी गोष्ट खिशात ठेवून भलतीच पुढे करायची. तर ऐक. काम घराचं नाही. तुझ्या बाबांचं आहे.

खाणीतले पंप तीन डिसेंबरला बंद होणार. खाण बंद होऊन नऊ वर्षं झाली, आता पाणी उपसत बसायला सरकार तयार नाही. गावाला त्याचं फार वाईट वाटलेलं नाही, आपल्या गावाला कशाचंच वाटत नाही. सातशे वर्षांत या डोंगरातून आधी चांदी काढली, मग शिसं, मग जस्त आणि शेवटी पेन्शन. राजाची नाणी आपल्या चांदीची आणि आपल्या पणजोबांच्या सदऱ्याला गुंड्या लाकडाच्या. खालचं पाणी काढायला चाकं फिरवायची म्हणून वरती हातांनी तळी खोदणारं गाव हे. त्या तळ्यांत आता बाहेरचे लोक पोहायला येतात, आणि आपण त्यांना कौतुकाने सांगतो की हे सगळं आमच्या लोकांनी खोदलं. खोदताना किती मेले ते कुणी विचारत नाही, आपणही सांगत नाही.

पाणी भरायच्या आत तिसऱ्या बोगद्यातली एक भिंत फोडून आत पाहायला हवं. मी कचेरीत रिब्कार नावाच्या इंजिनिअरकडे गेलो. तरुण आहे, वाईट नाही. टाकी ओढत, नळी नाकात घालूनच गेलो, म्हणून त्याने खुर्ची दिली.

"काका, नोंद बघा ना," तो म्हणाला. "दोनशे चौदा खाली गेले, दोनशे चौदा वर आले. आत कुणी नाहीये."

"मी सांगतोय ना, आहे."

"तुम्ही सांगताय. उद्या माझी आजी सांगेल की तिथे खजिना आहे. जवळच्या नातेवाइकाचा अर्ज आणा, मी पंधरा दिवस पंप जास्त चालवून घेतो, भिंतही फोडतो. नुसत्या शब्दावर नाही होणार."

नातेवाईक तूच. तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

आत काय आहे हे तुला कळलं असेल किंवा नसेल. पत्रात लिहायला हात धजत नाही. तू ये, मी समोर बसून सांगतो. त्यानंतर थोबाडीत मारलीस तरी चालेल.

गेजाकाका

•

२ नोव्हेंबर २००३

व्लास्ता,

तू आली नाहीस. मागचं पत्र उघडलंस की नाही, तेही कळायला मार्ग नाही. आता लिहूनच टाकतो.

आज मृतांचा दिवस. सगळं गाव दफनभूमीत आहे, खिडकीतून टेकडी मेणबत्त्यांनी लाल दिसते. तुझी आई या दिवशी आपल्या आईबापांना मेणबत्ती लावायची, माझ्या आईबापांना लावायची, तुझ्या बाबांना मात्र कधीच नाही. "जिवंत माणसाला मेणबत्ती लावत नाहीत," म्हणायची. मी दर वर्षी एक जास्तीची मेणबत्ती कोटाच्या खिशात घेऊन जायचो आणि तशीच परत आणायचो. कपाटात पेटीभर आहेत.

तुझे बाबा व्हिएन्नाला गेले नाहीत. ते कुठेच गेले नाहीत.

१९६८ सालचा चार डिसेंबर, खाणवाल्यांची राखण करणाऱ्या संत बार्बोरेचा दिवस. तू पाच वर्षांची होतीस. आपली बार्बोरा तिसऱ्या बोगद्याच्या टोकाला कोनाड्यात असायची, हातभर लाकडी मूर्ती, काजळीने काळी झालेली. वर्षातून एकदा, तिच्या दिवशी, पाळी संपल्यावर एकाने तिला कोटात गुंडाळून वर आणायचं, कोमट पाण्याने धुवायचं आणि मिरवणुकीत पुढे धरायचं. कुणी आणायचं ते चिठ्ठी टाकून ठरायचं. त्या वर्षी चिठ्ठी माझी निघाली होती.

पण मी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचो. पहिल्यांदाच नवा गणवेश शिवला होता, काळा, एकोणतीस सोनेरी गुंड्यांचा. मला लवकर वर जाऊन अंघोळ करायची होती, केस बसवायचे होते. चर्चच्या पायरीवर मार्गिता उभी असणार, हे मला माहीत होतं. इम्रिखची, तुझ्या बाबांची बायको. माझ्या जिवलग मित्राची बायको. तिच्याकडे मी त्याआधी चार वर्षं पाहत होतो. तिला ठाऊक नव्हतं. इम्रिखला असेलही.

"अरे गेज्या, जा तू," तुझे बाबा म्हणाले. "तुझी ती पुंगी फुंकायची वेळ झाली. म्हातारीला मी आणतो." बार्बोरेला ते म्हातारी म्हणायचे. मग खिशातून आपला बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला. "माझाही लावून टाक. हेर्मिनाच्या रांगेत कोण उभं राहील? मी वर आलो की सरळ मिरवणुकीत घुसतो."

बिल्ल्यांचं तुला सांगायला नको. खाली जाताना आपल्या नंबरचा पितळी बिल्ला घ्यायचा, वर आल्यावर बिल्ल्यांच्या खिडकीत बसणाऱ्या हेर्मिनाच्या तक्त्यावर लावायचा. एक खिळा रिकामा म्हणजे एक माणूस खाली. दुसऱ्याचा बिल्ला लावणं हा गुन्हा होता, आणि सणाच्या दिवशी सगळेच तो करायचे. पुढे निघालेला माणूस मागच्या दोघांचे लावायचा. हेर्मिना पाठ वळवायची. आपल्या गावात माणसाच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही, तक्त्यावर ठेवतात, आणि तक्त्याला आपणच फसवतो.

मी सत्त्याऐंशी नंबर लावला. त्याच्या शेजारी माझा, अठ्ठ्याऐंशी. दोघे एकदमच कामाला लागलो होतो.

साडेतीनला जुन्या भागातून धूर आला. लाकडाच्या टेकूंना आग लागली होती. तिसरा बोगदा तातडीने बंद केला नसता, तर सगळी खाण गेली असती. मुख्य इंजिनिअर कचेरीच्या पायरीवर उभा राहून ओरडला, "खाली कुणी आहे का?" हेर्मिना आतून म्हणाली, "तक्ता भरलाय साहेब. दोनशे चौदा. मी दोनदा मोजले."

मी तिथून बारा पावलांवर होतो. हातात ट्रम्पेट होता. मी तोंड उघडलं होतं व्लास्ता, खरंच उघडलं होतं. मनात आलं, तो शिड्यांच्या वाटेने आला असेल. मनात आलं, दिवस वाईट आहेत, रशियन रणगाडे रस्त्यावर, दुसऱ्याचा बिल्ला लावला म्हणून मला आत टाकतील. आणि तिसरं. समोर चर्चच्या पायरीवर तुझी आई तुझा हात धरून उभी होती. तुझ्या डोक्यावर लाल टोपी होती. मी तिकडे पाहिलं. एवढंच. काय विचार केला ते गेली पस्तीस वर्षं आठवायचा प्रयत्न करतोय, आठवत नाही. मग मी तोंड मिटलं.

पाचपर्यंत भिंत बांधून झाली. बँड वाजला. मीही वाजवलं.

बार्बोरेचं लोकांनी विचारलं. मी म्हणालो, घाईत विसरलो. कुणी रागावलं नाही, उलट हसले. तेव्हापासून गावात माझं नाव पडलं, बार्बोरा विसरलेला गेजा. दारूच्या गुत्त्यात मी शिरलो की कुणीतरी हमखास म्हणायचं, "अरे, टोपी आणलीस ना? नाहीतर तीही खाली ठेवून यायचास." मीही हसायचो. त्या हसण्याआड पस्तीस वर्षं काढली.

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. इम्रिख बाल्को वर आला, तक्ता सांगतो वर आला, मग गेला कुठे? सीमा त्या दिवसांत अजून बंद झाली नव्हती, रोज कुणीतरी पळत होतं. मी म्हणालो, "चार-पाच दिवस व्हिएन्ना, व्हिएन्ना करत होता." तो तेवढं एकदाच बोलला होता, जेवताना, पावाला चरबी लावता लावता. "व्हिएन्नाला म्हणे कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास देतात. इथे आपण पाणी पंपाने फेकतो, तिथे ताटलीत ठेवून देतात." या एका थट्टेवर मी त्याला देशाबाहेर काढलं. मग कोर्टाने त्याला पळपुटा ठरवलं, लग्न रद्द केलं, तुझ्या आईला शाळेतल्या नोकरीवरून काढून कपडे धुवायला लावलं, तुला पुढे शिकू दिलं नाही. हे सगळं मी केलं. आणि मग सरपण फोडून द्यायला, छप्पर दुरुस्त करायला तुमच्या दारात मीच उभा राहिलो, भला माणूस म्हणून.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आपण एक ताट जास्तीचं मांडतो, वाटसरूसाठी. आपल्या घरी ते तू मांडायचीस, बाबांसाठी. कोबीचं सूप वाढायचीस, खसखशीचे गोळे ठेवायचीस आणि दाराकडे बघत बसायचीस. माझी जागा त्या ताटासमोर होती.

तुझ्या आईने एकदा विचारलं. घेवडा सोलत बसली होती, मान खाली. "गेजा, तू त्या दिवशी बार्बोरा विसरला नव्हतास ना?" मी म्हणालो, "विसरलो होतो." तिने पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर तिने माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. तिला कळलं होतं की नाही, हे ती घेऊन गेली.

आणखी एक सांगायचं राहिलं, तेच सगळ्यात वाईट. ती भिंत बांधणारा गवंडी मरायच्या आधी एकदा पिऊन माझ्याजवळ रडला. म्हणाला, शेवटच्या विटा लावताना आतून ठोके येत होते. लाकूड आगीत तडकतं तसे. "पण तालात येत होते रे," म्हणाला. मी त्याला म्हटलं, लाकूडच असेल.

आता तुला सगळं कळलं. ये, सही कर, त्यांना बाहेर काढू. माझं काय करायचं ते तू ठरव. तीन डिसेंबरच्या आत.

गेजा

•

५ डिसेंबर २००३

व्लास्ता,

हे पत्र तुला पाठवायचं नाही. लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहितो.

दोन्ही पाकिटं परत आली. एक बारा नोव्हेंबरला, एक सत्तावीसला. चिकटपट्टीसुद्धा उचकटलेली नाही. तू शब्दाची पक्की, बाबांसारखीच. तू उघडलंस ते फक्त पहिलं पत्र, ज्यात मी घराची गोष्ट केली. पहिल्याच ओळीत खरं लिहिलं असतं तर तू सप्टेंबरातच आली असतीस. म्हणजे मी इम्रिखला दोनदा आत कोंडलं. पहिल्या वेळी पंचवीस वर्षांचा होतो, घाबरलो होतो. या वेळी कशाला घाबरलो, सांग.

रिब्कारकडे पुन्हा गेलो. सगळं सांगितलं, बिल्ल्यासकट. त्याने कोरा कागद पुढे सरकवला. मग म्हणाला, "लिहून द्या." मी लिहून दिलं. त्याने वर पाठवलं, वरून उत्तर आलं की वृद्ध आणि आजारी इसमाचा जबाब नोंदीच्या विरुद्ध जातो. शिक्का होता. परवा पंप थांबले. आपल्या घरात जमिनीखालून जी घरघर ऐकू यायची, जिच्या तालावर तू झोपायचीस, ती थांबली. गावात इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. रिब्कार स्वतः सांगायला आला. "पंप वर काढले काका. आता अर्ज आला तरी उपयोग नाही. पाणी तिसऱ्या बोगद्यात नाताळच्या सुमाराला पोचेल."

काल बार्बोरेचा दिवस. मी मनोऱ्यावर चढलो.

खाणीतून निवृत्त झाल्यावर मनोऱ्यातली लाकडी फळी हातोड्यांनी वाजवायचं काम माझ्याकडे होतं, तुला माहीतच आहे. पूर्वी पहाटे कामाला उठवायला वाजायची, आता फक्त कुणी खाणवाला गेला की. एकशे एकोणीस जणांसाठी मी ते संथ ठोके दिले. गेल्या वर्षी छातीमुळे काम काढून घेतलं, किल्ली मागायला विसरले. एक्केचाळीस पायऱ्या आहेत. टाकी खाली ठेवली. दर चौथ्या पायरीवर बसलो. वर पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येत होती, पण दोन्ही हातोडे उचलता आले.

खाली चौकात मिरवणूक उभी राहत होती, बँडवाले शेकत होते. ठोके सुरू झाल्यावर सगळे थांबले. पुरुषांनी टोप्या काढल्या. ठोके संपल्यावर खिडकीतून नाव पुकारायचं असतं. मी पुकारलं, "इम्रिख बाल्को. वय एकतीस. तिसरा बोगदा."

कुणीतरी खालून ओरडलं, "गेज्या, डोकं फिरलं काय तुझं? तो व्हिएन्नाला गेलाय."

मी खाली आलो आणि पायरीवर बसून सांगितलं. दम लागत होता म्हणून तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. बँडमधल्या एकाने ट्रम्पेट पिशवीत भरला आणि घरी गेला. मग एकेक करून सगळेच गेले. मिरवणूक निघाली नाही. सातशे वर्षांत पहिल्यांदा, म्हणतात.

शेवटी हेर्मिना राहिली. शहाऐंशी वर्षांची आहे, दोन काठ्या घेऊन चालते. गावात काही खोटं-खरं करायची वेळ आली की ती अजून त्या तक्त्याची शपथ घालते. माझ्यासमोर उभी राहिली.

"नंबर सांग," म्हणाली.

"सत्त्याऐंशी."

तिचे ओठ हलत होते, मोजत असावी. "मी दोनदा मोजले होते रे मेल्या."

"माहीत आहे."

"म्हणजे दोनशे तेरा होते," ती म्हणाली. मग वळली आणि चढावर हळूहळू घरी गेली. आज सकाळी तिने दार उघडलं नाही. शेजारीण म्हणते, भिंतीकडे तोंड करून बसलीय, बोलत नाही. एक माणूस मी आत कोंडला होता, आता दोन झाले.

खाण बंद झाली तेव्हा ज्याचे त्याला बिल्ले वाटले. सत्त्याऐंशी कुणी न्यायला आलं नाही, मी आणला. आता टेबलावर ठेवलाय. तुला पाठवायचा तर पाकीट लागतं, आणि पाकीट तू उघडणार नाहीस.

बराच वेळ विचार केला. मग सुचलं, तुझंच कार्ड पाहून. कार्डाला उघडावं लागत नाही. ते वाटेत सगळ्यांना वाचता येतं, झेलमीराला, बसवाल्याला, व्हिएन्नाच्या पोस्टमनला, तुझ्या शेजाऱ्यांना. सप्टेंबरात हेच केलं असतं तर? पण तेव्हा मला लाज वाटत होती.

•

६ डिसेंबर २००३
(कार्ड)

व्लास्ता,

तुझे बाबा व्हिएन्नाला कधीच आले नाहीत. ४ डिसेंबर १९६८ ला मी त्यांचा बिल्ला तक्त्यावर लावला, आणि ते खाली आहेत हे माहीत असून गप्प राहिलो. तिसऱ्या बोगद्यात भिंतीमागे आहेत. काढायची वेळ मी घालवली, पाणी चढतंय. पोलिसांना खोटं मी सांगितलं.

व्हिएन्नात त्यांना आता शोधू नकोस. नाताळला त्यांचं ताट मांडशील, तेव्हा ते तुला टाकून गेले असं मनात आणू नकोस. बार्बोरेला कोटात गुंडाळून ते घरीच यायला निघाले होते.

गेजा